ओसरीवरून : हात टेकण्याची वेळ

ज्येष्ठाच्या आरंभी आमच्या घरी अमेरिकेहून एक पत्र आले. हल्ली पत्र म्हणजे दूरध्वनीच्या काचेवर उमटणारा मजकूर असे समजण्याचा प्रघात पडला आहे. परंतु हे खरोखरीचे, कागदावर शाईने लिहिलेले आणि टपालातून सतरा दिवस प्रवास करून आलेले पत्र होते. आमच्या वहिनींची आपल्या नातवास सक्त ताकीद आहे की महिन्यातून एक पत्र देवनागरीत लिहिलेच पाहिजे. पत्र आले की ते आधी मजकडे येते, कारण शुद्धलेखन तपासण्याचे काम मजकडे आहे. ह्या खेपेस मी तांबडी पेन्सिल हाती घेतली खरी, पण पहिले पान संपेपर्यंत ती खाली ठेवून दिली.

हा मुलगा तेरा वर्षांचा. माझा पुतण्या मिनेसोटा संस्थानात नोकरीस आहे. त्या संस्थानास दहा हजार सरोवरांची भूमी असे बिरुद आहे, आणि जेथे सरोवरे तेथे रानबदके. शरद ऋतूत त्या बदकांच्या शिकारीस कायद्याने मोकळीक असते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांनी उभा जन्म शिकारी कुत्री शिकविण्यात घालविला आहे. मुलास कुत्र्यांचे वेड पाहून त्यांनी आईबापांच्या संमतीने त्यास लॅब्राडॉर जातीचे एक काळे पिल्लू मिळवून दिले आणि दोघांसही शिकवू लागले. पिल्लाचे नाव मुलाने ‘मोती’ ठेवले, कारण आजीच्या गोष्टींतील प्रत्येक कुत्र्याचे नाव तेच असते. आता मोती चौदा महिन्यांचा झाला, आणि वृद्धांनी स्पष्ट सांगितले की, ह्याच्यात दम नाही, दहा मिनिटांत बसकण मारतो, ह्याच्यावर आणखी एक वर्ष घालविण्यात अर्थ नाही; ह्यास कोणाच्या तरी घरी देऊन टाक, पुढल्या वसंतात माझ्या कुत्रीस पिल्ले होतील त्यांतील एक तुला देतो. पत्राच्या शेवटी मुलाने विचारले होते : “आबा, तुम्ही पस्तीस वर्षे शिकवलेत. शिकवणे केव्हा सोडून द्यायचे, हे कसे कळते?”

घरात ह्यावर जी चर्चा झाली ती वाचकांनी कल्पनेनेच जाणावी. वहिनी म्हणाल्या, “ब्राह्मणाच्या पोराला बदके मारायची कशाला?” त्यांचे म्हणणे मला मनापासून मान्य आहे, तथापि मुलगा बंदूक धरीत नाही, तो केवळ कुत्र्यास शिकवितो, आणि शिकवणीत बहुधा किंतानाची भरीव गुंडाळीच फेकलेली असते, असे मी सांगितल्यावर त्या जराशा शांत झाल्या. दादांचे मत थोडक्यात होते : “कुत्रेच ना? देऊन टाका, दुसरे आणा.” धाकट्या सूनबाईंनी मात्र, मोतीला हे सारे कळत असेल का, असे विचारले. त्यास कोणी उत्तर दिले नाही.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून शिकारी कुत्रा शिकविण्याचा प्रश्न आपणांपुढे सहसा येत नाही. पण ही विद्या आपणांस अपरिचित मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात कुत्र्यांविषयी ‘सारमेयविनोद’ ह्या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मुधोळकडचा कारवानी कुत्रा तर आपल्या परिचयाचाच. २००५ साली टपालखात्याने त्याचे तिकीट काढले आणि २०१६ साली सैन्याने त्याची पिल्ले शिकविण्यासाठी मीरतला नेली. पण कारवानी डोळ्यांनी पाहून धावणारा. लॅब्राडॉरचे काम अगदी निराळे. त्याने धावायचे नसते, थांबायचे असते. धन्याच्या पायाशी निश्चल बसायचे, बार झाला की पक्षी कोठे पडला ती जागा ध्यानात धरायची, आज्ञा होईपर्यंत हलायचे नाही, आज्ञा होताच चिखलातून वा पाण्यातून जाऊन पक्षी तोंडात धरून आणायचा, आणि तोही असा की त्यास दाताचा ओरखडा लागता कामा नये. ज्या प्राण्याच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षे हाती लागलेले खाऊन टाकले, त्याने ते उचलून दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे केवढा संयम! आमच्या वर्गातील किती मुले शेजाऱ्याच्या डब्यातील लाडू असा आणून देतील, ह्याचा विचार करावा.

अशा कामात निराश होण्याचे प्रसंग पुष्कळ येतात, आणि त्यांतील बहुतेक खोटे असतात. चारपाच महिन्यांचे पिल्लू एकाएकी गुंडाळी तोंडात धरीनासे होते. धनी म्हणतो, बिघडले. वास्तविक त्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात आणि हिरड्या ठणकत असतात. सातआठ महिन्यांचा कुत्रा कालपर्यंत पाळलेली आज्ञा आज ऐकली न ऐकलीशी करतो. तो वयात येत असतो. इयत्ता नववीस ज्यांनी शिकविले आहे त्यांस ह्याविषयी अधिक सांगणे नको. दीड वर्षाच्या आत खऱ्या शिकारीवर नेण्याची घाई करू नये असे जाणते शिक्षक म्हणतात. पण धनी शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे पाहतो आणि घाई करतो.

ह्याहून अवघड दोष भयाचा. काही कुत्री बंदुकीच्या आवाजास बुजतात. दिवाळीत फटाके सुरू झाले की पलंगाखाली शिरून थरथरणारे कुत्रे आपण सर्वांनी पाहिले आहे. हे भय जन्मतःच असते असे नव्हे; पुष्कळदा धन्यानेच ते उत्पन्न केलेले असते. पिल्लू कसे आहे ते पाहू म्हणून कोणी त्याच्या डोक्यावरच बार काढतो, आणि एका क्षणात जे होते ते निस्तरावयास वर्ष लागते. खरी रीत अशी की, पिल्लू खेळण्यात वा खाण्यात गुंग असता पुष्कळ अंतरावरून लहानसा आवाज करावा, आणि त्याने कान टवकारून पुन्हा खाण्यास आरंभ केला तरच काही दिवसांनी चार पावले जवळ यावे.

भय किती खोल जाते ह्याविषयी रशियन शास्त्रज्ञ पावलोव ह्यांच्या प्रयोगशाळेतील हकीकत मोठी विलक्षण आहे. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला आणि त्यांच्या कुत्र्यांच्या खुराड्यांत पाणी शिरले. कुत्री वाचली, पण महिनोन्महिने शिकविलेले सारे काहींच्या बाबतीत पार पुसले गेले. विशेषतः जी मूळची भित्री होती ती पूर्वीचे काहीच करीनात. त्यांस कोणी शिक्षा केली नाही. ज्याच्याशी परिचय होता तो मनुष्य त्यांच्या सोबत खोलीत बसू लागला, आणि त्या सोबतीने हळूहळू सर्व परत आले. पुढे परीक्षा म्हणून दाराखालून पाण्याचा एक बारीक ओहोळ आत सोडला, तोच सर्व पुन्हा नाहीसे झाले. ही शेवटची परीक्षा घेतली नसती तर बरे झाले असते असे मला वाटते. पण शास्त्रज्ञांस ते सुचायचे नाही.

आणि काही गोष्टी वेळ निघून गेल्यावर येत नाहीत, हेही तितकेच खरे. १९६१ साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुंपणाच्या आत वाढलेल्या काही पिल्लांस निरनिराळ्या आठवड्यांत मनुष्याचा सहवास दिला. ज्यांस चौदाव्या आठवड्यापर्यंत तो मुळीच मिळाला नाही ती रानटी जनावरासारखीच राहिली. तेव्हा ‘धीर धरा, सर्व होईल’ असे सरसकट सांगणे हीदेखील एक प्रकारची फसवणूकच होय. आंधळ्यांचे वाटाडे होणारी कुत्री ज्या संस्था शिकवितात, त्या कितीतरी कुत्री मध्येच ह्या कामातून काढतात आणि त्यांस साधे घर मिळवून देतात. ह्यात त्यांस लाज वाटत नाही. प्रकृती नीट आहे, भय नाही, वय झाले आहे, शिकविणाराने आपली रीत एकदोनदा बदलून पाहिली आहे, आणि दुसरा हंगाम संपत आला तरी गाडे जागचे हलत नाही, तर मग हात टेकावेत आणि वेळेवर टेकावेत. त्यापुढे जी चिकाटी उरते ती पुष्कळदा चिकाटी नसून धन्याचा अहंकार असतो, आणि त्याचे मोल जनावर भरते.

जत तालुक्यात मी नोकरीस होतो तेव्हा एका धनगराकडे मेंढरांच्या राखणीचा एक तरणा कुत्रा होता. लांडग्याचा वास आला की तो भुंकण्याऐवजी मेंढरांत जाऊन दडे. मी विचारले, ह्यास पोसता कशाला? म्हातारा म्हणाला, “गुरुजी, पयल्या पावसाळ्यात कुत्र्याला काय कळत न्हाई. दुसऱ्या पावसाळ्यात मालकाला कळतं.” त्या कुत्र्याचे पुढे काय झाले ते पाहावयास मी तेथे राहिलो नाही; माझी बदली झाली.

बदली झाली ती एका साखर कारखान्याच्या शेजारच्या गावी. येथे जे लिहावयाचे आहे ते मी आजवर कोठे लिहिले नव्हते. पण मुलाने प्रश्नच असा विचारला की ते टाळता येईना. कार्तिकात ऊसतोडीच्या टोळ्या येत, त्यांची काही मुले आमच्या शाळेत बसत आणि चैत्रात टोळीबरोबर निघून जात. त्यांपैकी चौथीतला एक मुलगा रोज वर्गात झोपे. पाढे म्हणावयास उभा केला की उभ्याउभ्या डुलक्या घेई. मी त्यास रागावलो, बाकावर उभे केले, पाणी मारून येण्यास सांगितले. पौष संपला तरी सातच्या पाढ्यापलीकडे गाडी जाईना. एके दिवशी त्याचा बाप शाळेत आला. मी त्यास म्हणालो, “ह्याचे डोके शिक्षणाचे नाही. उगाच दिवस मोडू नका.” त्या गृहस्थाने मजपुढे हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा आला नाही.

दोन वर्षांनी एका लग्नाहून मी अवेळी परतत होतो. रात्रीचे दोन वाजले असावेत. रस्त्याच्या कडेला फडात ऊस भरणे चालले होते, आणि कंदिलाच्या उजेडात तेवढ्याच वयाचा एक मुलगा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनावर चढत होता. तो माझा विद्यार्थी नव्हता. दुसराच कोणी होता. पण मी तेथे उभा राहिलो तो वाहन भरून निघेपर्यंत. ‘काल रात्री तू कोठे होतास?’ हा एक प्रश्न मी चार महिन्यांत त्या मुलास विचारला नव्हता.

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता तिचा पोर तेथे गेला, आणि राजाच्या भावांनी त्यास बडविला. तो रडत आईकडे आला. ना त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले होते, ना त्यास जीभ लावली होती. सरमा सत्रात जाऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणी काही बोलत नाही. तेव्हा ती शाप देते की, तुमच्यावरही न दिसणारे भय येईल. पाठशाळेत ही कथा शिकलो तेव्हा ती मला किरकोळ वाटली होती.

असो. मुलास मी उत्तर लिहिले ते असे की, तू मोतीस सोडावे की ठेवावे हे मी येथून सांगू शकत नाही, आणि तुझे शेजारी माझ्याहून अधिक जाणते आहेत. परंतु चाळीस दिवस एक नोंदवही ठेव. तारीख, वेळ, ऊन की सावली, त्याने काय खाल्ले, कोणते काम सांगितले, बिघाड झाला तो आरंभापासून कितव्या मिनिटास झाला, त्या आधीच्या क्षणी तो काय करीत होता, आणि मग तू काय केलेस, हे सारे लिही. मत लिहू नकोस; ‘आळशी’, ‘हट्टी’ हे शब्द वहीत येता कामा नयेत. आणि वही पुरी होईपर्यंत त्यास शिक्षा करू नकोस.

मुलाने हे काम माझ्या अपेक्षेहून चांगले केले. वहीच्या पानांची छायाचित्रे दूरध्वनीवर येऊ लागली. पहिल्या आठवड्यात मला त्यात काही दिसले नाही. पुढे दिसू लागले ते असे की, पहिल्या आठ मिनिटांत मोतीने एकदाही चूक केली नव्हती, एकदाही नाही. बिघाड सदैव दहाव्या ते चौदाव्या मिनिटास. जमिनीवरही तेच, पाण्यातही तेच. ज्या दिवशी शेजाऱ्याची दुसरी कुत्री सोबत असत आणि मोती विशेष उल्हासात असे त्या दिवशी लवकर. एकटा असता उशिरा. आणि तेविसाव्या दिवसाखाली मुलाने लिहिले होते की, तो बसतो असे आम्ही म्हणतो, पण तो आधी बसत नाही. त्याचे मागचे पाय लटपटतात, मग ते त्याखालून जातात. तरी तो पुढच्या पायांनी सरपटत गुंडाळीकडे जातो आणि शेपूट हलवितो. अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्यासारखा होतो.

हे वाचून मी त्याच रात्री पुतण्यास सांगितले की कुत्र्याचे काम ताबडतोब थांबवा आणि पशुवैद्यास ही वही दाखवा. वैद्याने वही वाचली आणि तपासणीसाठी रक्त घेतले. लॅब्राडॉर कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष आढळतो. मज्जातंतू वेगाने काम करीत असता एकाकडून दुसऱ्याकडे संदेश पोहोचण्यास जे एक द्रव्य लागते, त्याच्या घडणीतच तो दोष असतो. साधे चालणे, खेळणे, घरात वावरणे ह्यांत काही कळत नाही. भरधाव श्रम आणि उत्कंठा एकत्र आली की पाच ते वीस मिनिटांत मागचे पाय जातात. बहुधा थोड्या वेळात कुत्रा सावरतो. पण तसाच दामटला तर काही वेळा मरतोही. मौज अशी की ह्या दोषाचे मूळ २००८ साली शोधून काढले ते त्याच संस्थानातील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, मुलाच्या घरापासून मोटारीने दोन तासांच्या वाटेवर. तपासणीचा निकाल तोच आला. ह्यास औषध नाही.

तेव्हा शेजारी म्हणत होते की मोती शिकारीचा कुत्रा होणार नाही, ते खरेच ठरले. मुलगा दोन दिवस जेवला नाही असे सूनबाईंनी कळविले. वहीमुळे कुत्रा शिकारीस लागेल अशी त्याची समजूत होती, आणि ती मी पुरेशी दूर केली नव्हती, ही माझी चूक. त्यास मी दूरध्वनीवर इतकेच म्हणालो की, तुझा कुत्रा तुझ्यासाठी पाय गेल्यावरही सरपटत होता, आणि हे तुझ्याखेरीज कोणी पाहिले नाही.

शेजाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. निकालाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग ते मुलास म्हणाले की, माझ्या हाताखालून आजवर अशी दोन कुत्री गेली. दोन्ही दम नाही म्हणून मी काढून टाकली, आणि एकास त्याआधी पुष्कळ मारले. इतके बोलून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कुत्रीचीही तपासणी करविली. तिच्या अंगी ह्या दोषाचा एक अंश निघाला. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन अंश एकत्र आले तरच पिल्लू आजारी पडते. एक अंश असलेली कुत्री स्वतः धडधाकट असते, आणि लॅब्राडॉरांत अशी तीसचाळीस टक्क्यांपर्यंत सापडतात. तिचा जोडीदार पूर्ण निर्दोष असेल तर पिल्लांपैकी कोणासही हा त्रास व्हावयाचा नाही. शेजाऱ्यांनी ठरविलेला जोडीदार न तपासलेला होता. तो बेत त्यांनी रद्द केला आणि आता तपासलेला शोधीत आहेत.

मोतीचे काय, ह्यावर तिकडे बराच खल झाला. पुतण्याच्या मते कुत्रा एकच पुरे. शिकारीचा हवा असेल तर मोतीस दुसऱ्या घरी जावे लागेल, आणि घरही सुस्वभावी मिळाले होते. दादा इकडून म्हणाले, बरोबर आहे. ह्या वेळी वहिनींनी, ज्यांस बदकांची शिकार मुळीच संमत नव्हती, आपण होऊन मुलास दूरध्वनी केला. बोलणे काय झाले ते त्यांनी कोणास सांगितले नाही. परवा मुलाचे पत्र आले. वसंतातल्या पिल्लाबद्दल त्याने अजून शेजाऱ्यांस हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. मोती घरीच आहे. सकाळी फाटकापासून वर्तमानपत्र आणतो, संध्याकाळी अंगणात सहा वेळा गुंडाळी आणतो. सातव्यांदा तो मागू लागला की मुलगा ती खिशात घालतो आणि दोघे आत येतात. नोंदवही चालू आहे. पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, त्या मी ह्या वेळी तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून परत धाडल्या.